फ्रान्झ रूलो कोण होते? टीओएमच्या (थिअरी ऑफ मशीन्स) व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, त्यांच्याविषयी किती वाचावं?

रूलो हे यंत्रांच्या हालचालींचं शास्त्र मांडणारे जर्मन प्राध्यापक. व्हायवापुरतं म्हणाल तर पेअर (एकमेकांना जोडलेल्या दोन भागांची जोडी), चेन (अशा जोड्यांची साखळी) आणि इन्व्हर्जन (साखळीतला वेगळा भाग स्थिर धरून वेगळं यंत्र मिळवणं) नीट सांगता आलं की झालं. ती मांडणी रूलोंच्या 1875 च्या ग्रंथातली. पण तुम्ही नाव काढलंत म्हणून लिहितो, कारण या माणसावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं कडाक्याचं वाजलं होतं.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ग्राइंडर. एका पॅकिंग मशीनवाल्याची पिन-बुशची मोठी ऑर्डर आली. पर्चेसवाल्याने रेट इतका पाडला की दादाने केस हार्डनिंगच, म्हणजे पिनांचा वरचा थर कडक करणंच, गाळलं. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं असताना! "वरून कोणाला दिसतंय? पॉलिश मार आणि पाठव," म्हणाला. मी पाठवलं. चार महिन्यांत माल परत आला, पिना एका अंगाने झिजून लंबगोल झालेल्या.

रूलो शिकवतात ते हेच. मशीन सुट्या भागांचं नसतं, जोड्यांचं असतं. पिन आणि बुश एकमेकांना फक्त फिरू देतात, बाकी सगळ्या हालचाली अडवतात. पिन झिजली की तो अटकाव जातो आणि पुढची अख्खी साखळी खडखडायला लागते. पॅकिंग मशीनवाल्याच्या माणसाने विचारलं तेव्हा मी हार्डनिंग केलं नव्हतं हे सांगून टाकलं. दादा म्हणाला, "घरचं उणं चव्हाट्यावर मांडलंस."

रूलोंनाही हेच ऐकावं लागलं. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते जर्मनीचे सरकारी प्रतिनिधी होते. तिथून बर्लिनच्या वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रांत त्यांनी लिहिलं की जर्मन मालाचं सूत्र 'स्वस्त आणि वाईट' आहे. जर्मनीभर गदारोळ झाला. 1887 मध्ये इंग्लंडने परदेशी मालावर देशाचं नाव छापायला लावलं, ते जर्मन माल ओळखून टाळता यावा म्हणून. रूलोंनी 11 वर्षं आधी बजावलं होतं.

बाकी चरित्र थोडक्यात. 1829 मध्ये आखेनजवळ एश्वायलरला यंत्रं बनवणाऱ्या घरात जन्म, कार्ल्सरूहेला यंत्रशास्त्राचे प्राध्यापक रेडटेनबाखर यांच्याकडे शिक्षण, 1856 पासून झ्युरिकला प्राध्यापक, 1864 पासून बर्लिन, 1905 मध्ये निधन. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते परीक्षक होते. ओटो आणि लांगेन या दोघांचं गॅस इंजिन भयंकर आवाज करायचं, कोणी लक्ष देईना. गॅस किती जळतो ते मोजा, असा रूलोंनी आग्रह धरला. इतरांच्या निम्म्याहून कमी निघाला आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. लांगेन त्यांचे कॉलेजमित्र होते हे खरं, पण आकडा आकडाच असतो.

कॉर्नेल विद्यापीठाने त्यांची दोनशेहून जास्त मॉडेल्स जपली आहेत, त्यांचे व्हिडिओ बघा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इन्व्हर्जन तिथे लवकर कळतं.

त्यांचं सगळंच टिकलं असं नाही. यंत्रं चिन्हांनी लिहायची त्यांची पद्धत आज कोणी वापरत नाही. बर्लिनला त्यांचे सहकारी प्राध्यापक रीडलर प्रयोगशाळा मागत होते, रूलोंचा भर सिद्धांतावर होता; त्या वादात माझ्या मते रीडलर बरोबर होते. 1896 मध्ये रूलो निवृत्त झाले.

नोकरीला लागाल तेव्हा ड्रॉइंगवरची एकही ओळ गाळू नका, सांगणारा घरचा असला तरी. आणि दादा, तू हे वाचत असशील तर त्यातली एक पिन मी ठेवली आहे. 20 मिलिमीटरची होती, आता 19.6 भरते. ये आणि मायक्रोमीटर लावून बघ.