केसांचा अहवाल आणि परसातली चूल

प्रश्न : आम्ही गोव्यात सावर्ड्याला राहतो. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. दोन शब्द जोडून बोलतो, त्यापुढे जात नाही. हाक मारली तर कधी वळून बघतो, कधी नाही. ओळखीच्या एका बाईंनी सुचवलं म्हणून एका केंद्रात त्याचे मानेजवळचे केस कापून जड धातू आणि खनिजांच्या तपासणीला दिले. साडेसहा हजार रुपये गेले. अहवालात ३८ रकाने आहेत. ॲल्युमिनियम ४१, लोह ३८, मँगनीज २.९ आणि शिसं ४.१ हे सगळे लाल पट्ट्यात. जस्त कमी, कॅल्शियम जास्त. पारा ०.३, तो हिरव्यात. पण केंद्रातले म्हणतात, पारा कमी दिसतोय हेच वाईट, तो अंगात अडकून बसलाय. सहा महिन्यांचा ‘डिटॉक्स’ सांगितलाय : आधी पावडर, मग सलाईनमधून औषध. शिसं आलं कुठून तेच कळत नाही. घराला नवा रंग दिलेला नाही, भांडी स्टीलची, काजळ आम्ही घालत नाही. पाणी विहिरीचं. मुलगा दिवसभर मामंजींच्या मागे असतो. ते परसात पागेर (मासे धरायचं फेकजाळं) विणतात, त्याला लावायचे वजनाचे मणी ओततात, तो बाजूला बसून खेळतो. यजमान म्हणतात, कोर्स करून टाकू. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : ताई, सलाईनमधलं औषध घेऊ नका. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल, एवढं आज यजमानांना सांगा.

अंगातले धातू ओढून बाहेर काढणाऱ्या त्या उपचाराला किलेशन म्हणतात. रक्तातलं शिसं खूप वाढलेल्या मुलाला तो रुग्णालयात देतात आणि तिथे त्याचा उपयोग आहे. केसांच्या कागदावरून तो द्यायचा नसतो. २००५ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला हाच उपचार शिरेतून दिला. त्यात वापरलेला ईडीटीए या औषधाचा सोडियमवाला प्रकार रक्तातलं कॅल्शियमही ओढून घेतो. कॅल्शियम घसरलं, हृदय बंद पडलं, मूल गेलं. पावडरीचं म्हणाल तर तिच्यात काय आहे ते डब्यावर स्वच्छ लिहिलेलं असेल तर डबा घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. लिहिलेलं नसेल तर डबा उघडूच नका.

आता अहवाल. मोजणारं यंत्र चांगलं असतं, दहा लाखांत एक भाग धातूही ते पकडतं. प्रश्न असा, की पकडलेला धातू केसाच्या आत रक्तातून आला की बाहेरून चिकटला? तुमची पहिली तीन लाल नावं वाचली आणि मला तुमच्याकडची माती दिसली. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरलेलं, खनिजात मँगनीज. तिथल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण अंगणातली लाल धूळ कुठे जाणार? मूल त्या मातीत खेळतं, विहिरीच्या पाण्याने न्हातं, डोक्याला खोबरेल असतं. केस हे सगळं धरून ठेवतो. प्रयोगशाळा केस धुऊन घेतात हे खरं, पण धुण्याची सर्वमान्य पद्धत नाही. हलकं धुतलं तर बाहेरचं राहतं, जोरात धुतलं तर आतलंही जातं.

म्हणून लोहाच्या लाल पट्टीवरून ‘लोह जास्त’ असा अर्थ घेऊ नका. केसांवर लोह आणि रक्तात लोहाची कमतरता, ही जोडी अगदी शक्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. आणखीही एक कारण आहे : लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं.

जस्त-कॅल्शियमच्या रकान्यांवर वेळ घालवू नका. जस्त शाम्पूनेही बदलतं, आणि कुपोषणात केसांची वाढ मंदावली की केसांतलं जस्त उलट बरं दिसतं. मूल काय खातं, किती खातं, वजन-उंची कशी वाढतेय, यावरून डॉक्टरांना जास्त कळेल. शिवाय साधा हिशेब करा. ‘सामान्य’ पट्टा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील असा आखला, तरी ३८ रकान्यांत ठणठणीत मुलाचेही दोनेक आकडे पट्ट्याबाहेर जाणारच.

आणि पट्टे तरी कुणाचे? कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या लोकांनी एका निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले होते. २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत दहा पटींहून जास्त अंतर होतं. जवळपास प्रत्येक खनिज कुणी जास्त म्हटलं, कुणी कमी, कुणी ठीक. आहारात काय बदल करावा याचे सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध. केस त्याच एका डोक्याचे.

पाऱ्याबद्दल मात्र केसांची बाजू घ्यायला हवी, कारण तिथे ही तपासणी खरोखर उपयोगी ठरलेली आहे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरणीसाठी आलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. बुरशी लागू नये म्हणून त्या बियाण्याला मिथिल पारा चोळलेला होता. सहा हजारांवर माणसं रुग्णालयात दाखल झाली, त्यांतली ४५९ गेली. कुणी ती भाकरी कधी खायला लागलं आणि कधी थांबलं, हे डॉक्टरांनी केसांवरून काढलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रक्तातला मिथिल पारा वाढत्या केसात बसत जातो. लांब केसांच्या बायकांचे केस सेंटिमीटर-सेंटिमीटर कापून तपासले, तर प्रत्येक तुकडा एकेका महिन्याचा निघाला. मासे खाणाऱ्या समाजांत आजही पारा असाच मोजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या सुरक्षित मर्यादेवरून केसांतला आकडा काढला तर तो साधारण १ येतो. तुमच्या मुलाचा ०.३ आहे. म्हणजे अख्ख्या कागदावर भरवसा ठेवण्यासारखा आकडा हाच, तो चांगला आहे, आणि केंद्राने नेमका तोच उलटा लावला! जास्त आला असता तर ‘विष आहे’, कमी आला तर ‘विष अडकलंय’. मग कोणता आकडा आला असता तर त्यांनी तुम्हाला कोर्स न देता घरी पाठवलं असतं? पुढच्या वेळी गेलात तर एवढं विचाराच.

राहिलं शिसं. शिशाच्या बाबतीत केसांचा आकडा आतला की बाहेरचा हे ठरवता येत नाही, तेव्हा ४.१ वर मी काही बांधणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींवर बांधेन. पागेराचे मणी शिशाचे असतात, ताई. मामंजी ते परसात वितळवून ओततात आणि नातू शेजारी बसतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीच्या जाळाला ते सहज जमतं. जास्त तापलं की वाफ निघते, वर राख धरते, ती काढून टाकली की मातीत मिसळते. मूल माती हाताळतं, हात तोंडात जातो. गिळलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं. केसांवर शिसं कुठून आलं हा तुमचा प्रश्न होता. धूर-राखेतूनही आलेलं असू शकेल. पोटात किती गेलं, ते रक्तच सांगेल.

तेव्हा रक्तातल्या शिशाची तपासणी करा. रक्त शिरेतून काढलेलं हवं. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरचं शिसं त्यात मिसळतं आणि पुन्हा तोच घोळ. नमुना सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत घ्यायला सांगा, तो बहुधा गोव्याबाहेर जाईल. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ च्या वर लक्ष घालतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा. ४५ किंवा वर गेला तर किलेशन, तेही रुग्णालयात. मधल्या आकड्यांना औषध नाही. उगम बंद करणं, लोह आणि कॅल्शियमयुक्त आहार नीट देणं आणि रक्त पुन्हा तपासणं, हाच उपचार. शिशाला ‘एवढं चालतं’ अशी पातळी नाही, हेही लक्षात असू द्या.

अहवाल येईपर्यंत ओतकाम थांबवा. मणी बाजारात तयार मिळतात. ओतायची कढई आणि पळी घराबाहेर न्या, स्वयंपाकघराकडे ती फिरकू नयेत. त्या चुलीभोवतीची वरची माती काढून झाकून टाका. घरात झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवा. मामंजींना हे सुनेने सांगणं अवघड असतं, मला कळतं. यजमानांकरवी सांगा, आणि सुरुवात त्यांच्यापासून करा : ‘बाबा, तुमचंही रक्त तपासूया.’ इतकी वर्षं चुलीजवळ ते बसलेत, त्यांना तपासणीची गरज नातवापेक्षा कमी नाही. वडीलधाऱ्याला आपली काळजी केली जातेय असं वाटलं की तो लवकर ऐकतो.

बोलण्याचा मुद्दा मी शेवटी घेतोय, पण माझ्या मते तुमच्याकडचं पहिलं काम तेच आहे. हाक मारल्यावर कधी वळतो, कधी नाही, अशा मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का? तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी मूल अर्धवट ऐकतं, आणि ते बरं करता येतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा आणि बालरोग असे दोन्ही विभाग आहेत. कान तपासा, विकासाची तपासणी करून घ्या, वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. घरी कोकणी, आजी मराठीत गोष्टी सांगणार, बालवाडीत इंग्रजी, म्हणून मूल बोलत नाही असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. अनेक भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. शिशामुळे शिकण्यावर परिणाम होतो हे सिद्ध आहे, पण त्याच्या न बोलण्याला तेच कारण असं रक्त बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही मामंजींसमोर म्हणू नका.

प्रश्न : सुनेला सहावा महिना आहे. माशांत पारा असतो म्हणून ती हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, हात लावत नाही. तिचे केस तपासावेत का? — एक सासूबाई, वास्को

उत्तर : तपासायची गरज नाही, मासे निवडा. पारा मोठा मासा लहान माशाला खातो तसा साठत जातो. म्हणून मोरी (शार्क), मोठा इसवण (सुरमई), मोठा कुपा (ट्यूना) हे बाळंत होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत बाजूला ठेवा. बांगडे, तारले, वेर्ल्यो असे लहान मासे आणि सुंगटं (कोळंबी) आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खाऊ द्या, बाळाच्या मेंदूला त्यातली स्निग्धं लागतात. शिजवून, तळून किंवा सुकवून पारा जात नाही, तो माशाच्या मांसातच बसलेला असतो. तेव्हा मोरीचं आंबट-तिखट केलं तरी ती मोरीच. सुनेला बांगड्याचं हुमण करून वाढा आणि सोबत तुम्हीही जेवायला बसा.