मारुती ८०० चा गिअरबॉक्स घरी उतरवावा का?

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ८०० चा क्लच घसरतो. प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स घरच्या अंगणात उतरवता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येईल, मात्र मदतीला दुसरा माणूस हवाच. तत्पूर्वी क्लच केबल तपासावी, कारण ती अति ताणलेली असली तरी क्लच घसरतो आणि तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे ही नसती उठाठेव ठरेल.

दोष तिथे नसेल, तर गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घेऊन पुढची बाजू दोन स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे जिवावर बेतू शकते आणि विटांचा थर तर त्याहून वाईट. बॅटरीची तार सोडवून, गिअरबॉक्सचे तेल काढून, केबली, गिअरचे रॉड, स्टार्टर व दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांकडे जाणारे दांडे) मोकळे करावेत. या गाडीत इंजिन आडवे असून गिअरबॉक्स त्याच्या कुशीला जोडलेला असतो; म्हणून माउंटिंग (इंजिन व गिअरबॉक्सला गाडीशी धरून ठेवणारे आधार) सोडण्यापूर्वी इंजिनाला, मध्ये लाकडी फळी ठेवून, दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा.

खरी कसोटी शेवटच्या बोल्टनंतर लागते. गिअरबॉक्स सरळ रेषेतच बाहेर ओढावा. तो तिरका लोंबकळला, तर सगळे वजन इनपुट शाफ्टमार्फत, म्हणजे क्लच प्लेटच्या मध्यात बसणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्यामार्फत, प्लेटवर येऊन तिचा मधला भाग वाकतो. बसवताना तो पूर्ण टेकत नसेल, तर बहुधा प्लेट मध्यावर नसते. अशा वेळी बोल्ट आवळून ओढून घेतल्यास ॲल्युमिनियमचे आवरण तडकू शकते. एवढे उघडलेच आहे, तर रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) बदलून टाकावे.