फालूटचा पलंग आधी, विमानाचं तिकीट नंतर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूरचे चौघं, त्यात एक ५४ वर्षांचे मामा, डाव्या गुडघ्याची तक्रार असलेले. एप्रिलचा शेवटचा आठवडा. दार्जिलिंगकडचा, नेपाळच्या सीमेलगतचा संदकफू-फालूट ट्रेक, तंबू नको, रोज रात्री डोक्यावर छप्पर हवं. सहा दिवस पुरतील का, हट (वाटेवरची मुक्कामाची साधी घरं) इथूनच ठरवायच्या की पोचल्यावर बघायचं, आणि मामांना न्यावं का, असे तीन प्रश्न आहेत. मी हा ट्रेक दोनदा केलाय. एकदा नोव्हेंबरात, चुका करत. दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, जरा शहाणा होऊन.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्ही त्यावर लटकलेत.

तंबू पाठीवर असला की दमलात तिथं बसता येतं. हटच्या ट्रेकमध्ये ती मुभा नाही. आज किती चालायचं हे तुमचे पाय ठरवत नाहीत, पुढचं छप्पर कुठं आहे ते ठरवतं. सह्याद्रीत आपल्याला याची सवय नसते. राजगडावर पद्मावतीच्या देवळात जागा नसली तर बाहेर अंथरूण टाकतो, पायथ्याला असलो तर शाळेचा व्हरांडा असतो, कुणीतरी घरात घेतं. या ट्रेकची वाट ज्या सिंगालीला डोंगररांगेवरून जाते, तिच्या धारेवर ३६०० मीटरला वारा सुटल्यावर व्हरांडा चालत नाही.

पहिल्या वेळी आम्ही चालायच्या क्रमानंच जागा धरल्या. तुमलिंग पक्कं, संदकफू पक्कं, आणि फालूटचं 'तिथं गेल्यावर बघू'. २१ किलोमीटर चालून साडेचारला पोचलो तर हट भरलेली, वीसेक जणांचा एक ग्रुप आधीच पसरलेला. राखणदार भला माणूस, जेवणाच्या खोलीत दोन बाकं जोडून दिली. फळ्यांच्या फटीतून रात्रभर वारा शिट्ट्या मारत होता. सकाळी मित्राच्या बाटलीतलं पाणी बर्फ झालेलं, आणि तो पठ्ठ्या बाटली उलटी धरून 'सांडत नाही बघ' म्हणून हसत होता. आता मजा वाटते. त्या रात्री चौघांपैकी कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

म्हणून उलटं करा. वाटेवर सगळ्यात कमी पलंग फालूटला आहेत, आणि तिथून पुढं सरकायला जवळपास दुसरं छप्पर नाही. आधी फालूटची रात्र पक्की करा. मग संदकफूची, मग कालीपोखरीची. तुमलिंगला घरगुती लॉज बरेच आहेत, ते शेवटी ठरलं तरी चालतं. फालूटची तारीख एक दिवस पुढं सरकली तर सगळा ट्रेक एक दिवस पुढं सरकवायचा. विमानाचं तिकीट त्यानंतर. आपल्याकडं बरोबर उलटं होतं: कुणीतरी स्वस्त तिकीट बघून धडाधड काढतं आणि मग डोंगरानं त्या तारखांत बसावं अशी अपेक्षा.

बुकिंग म्हणजे नुसता फोनवरचा 'हो हो, या' नव्हे. नाव, तारीख, माणसं, आगाऊ पैसे आणि ते मिळाल्याचा लेखी मेसेज, एवढं हवं. आदल्या दिवशी गाइडकडून पुढच्या हटला निरोप धाडायचा. ट्रेक सुरू होतो त्या मानेभंजनहून गाइड घेणं सक्तीचंच आहे, आणि त्याचा खरा उपयोग रस्ता दाखवण्यापेक्षा या निरोपांसाठी होतो.

आता दिवस. माझ्या मते असं करा:

मानेभंजनला (सुमारे २१५० मीटर) एक मुक्काम. बागडोगरा किंवा न्यू जलपाईगुडीहून जीपनं चारेक तास लागतात. उतरल्या दिवशीच चालायला सुटू नका. पहिला दिवस चित्रे, मेघमा करत तुमलिंग, २९७० मीटर. चित्रेपर्यंतचा सुरुवातीचा चढ दम काढतो, पुढं बरं आहे. दुसरा दिवस तुमलिंग ते कालीपोखरी, १३ किलोमीटर. यात गैरीबासला २६०० पर्यंत खाली उतरून पुन्हा चढायचं असतं, तेव्हा नकाशावर सोपा दिसतो तेवढा हा दिवस सोपा नाही. तिसरा दिवस कालीपोखरी (३१८६) ते संदकफू (३६३६), फक्त सहा किलोमीटर, पण शेवटचे चार खड्या चढाचे. चौथा फालूट. पाचवा फालूट ते गोरखे, १५ किलोमीटर. सहावा गोरखे ते श्रीखोला, आणि तिथून जीप.

पुष्कळ लोक कालीपोखरी गाळून तुमलिंगहून एका दिवसात संदकफू गाठतात आणि एक दिवस वाचवला म्हणून खूश होतात. तुम्ही करू नका. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. तुमलिंग ते संदकफू हा फरक ६६६ मीटरचा. कालीपोखरीला थांबलात तर आधी २१६ आणि मग ४५०. आपण सोलापूरचे, साडेचारशे मीटरवर राहणारे, घरात जिना चढायचा तोही गच्चीवर पापड वाळत घालायला. आपल्याला तो मधला मुक्काम हवाच. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, असं असेल तर वर जायचं नाही. वाढलं तर रात्र असली तरी खाली. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या (डायमॉक्स) घ्यायच्या असल्या तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, विशेषतः कुणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर.

म्हणजे चालायचे सहा, मानेभंजनचा एक, आणि एक मोकळा. मोकळा दिवस संदकफूला ठेवा. तिथून कांचनजंगा (८५८६ मीटर) आणि लांबवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू एका ओळीत दिसतात, पण ढगांनी परवानगी दिली तर. एप्रिलअखेर दुपारी ढग येतात, कधी गारा. डोंगर बघायचे असतील तर नोव्हेंबर, फुलं बघायची असतील तर एप्रिल. गुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉन) लाल झाडं त्या दिवसांत अशी फुलतात की माणूस वाट चुकेल. दोन्ही एकदम मागू नका. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सिंगालीला राष्ट्रीय उद्यान, ज्यातून ही वाट जाते, बंदच असतं.

सहा दिवस पुरतील का, तर चालायला पुरतात. सोलापूरहून सोलापूरला मात्र ११-१२ दिवस धरा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथून बागडोगऱ्याचं विमान, हे मला सगळ्यात सुटसुटीत वाटलं.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. तो भाग आपल्यापेक्षा १२ रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य पाऊण तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. एप्रिलमध्ये पावणेपाचला फटफटतं, सहाला अंधार पडू लागतो. फालूटच्या दिवशी साडेपाचला पायात बूट हवेत. त्या २१ किलोमीटरमध्ये पाणी भरवशाचं नाही, संदकफूलाच प्रत्येकी तीन लिटर भरा आणि डबा बांधून घ्या. चौदाएक किलोमीटरवर सबरग्राम लागतं, तिथून खाली मोलेला एक हट आहे. कुणी थकलं, गारा आल्या, तर हा मधला आसरा. तिथं न्यायची वेळ आली तर न्यायचं, लाजायचं नाही.

मामांबद्दल. डॉक्टर हो म्हणाले तर न्या. वयापेक्षा गुडघे आणि हट्ट बघा. मानेभंजन ते संदकफू जुन्या लँड रोव्हर जातात, त्यामुळं तिसऱ्या दिवसापर्यंत मामांना गाडीनं परत धाडता येतं. संदकफूहून गुर्दुममार्गे श्रीखोलाला थेट उतरायची वाटही आहे, फालूट गाळून. मामांनी फालूटला यायचं की उतरायचं हा निर्णय संदकफूला रात्री जेवताना घ्यायचा, आणि तो मामांनी नव्हे, तुम्ही घ्यायचा. कारण खरी परीक्षा पुढं आहे: फालूट ते गोरखे एका दिवसात सव्वा हजार मीटरचा उतार. चढावर छाती बोलते, उतारावर गुडघे, आणि गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात. दोन काठ्या त्यांना आत्ताच घेऊन द्या.

सराव सोलापुरात कसा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. चढ नाही ही अडचण खरी. पण आपल्याकडं कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे काय थोडे आहेत? ४५ किलोमीटर, रात्रभर. तुमच्यातल्या दोघांनी तरी केलं असेल. ते मात्र एका दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी अंथरुणात. तुम्ही शनिवारी १८ आणि रविवारी पुन्हा १८ असं चाला, पाठीवर ७ किलो घेऊन, पहाटे चारला सुटून. रविवारी सकाळी पहिली पाच मिनिटं कशी जातात ते बघा, मामांची खास करून. तुळजापूरच्या घाटात चढउतार मिळतो, तिथं दोनतीन वेळा वरखाली करा. कंबर तलावाच्या फेऱ्यांनी दम वाढेल, मांड्या नाही.

सामान. हटमध्ये जाड रजया मिळतात, त्यामुळं स्लीपिंग बॅग नसली तरी चालतं. पण त्या रजया किती जणांनी पांघरल्या असतील याचा विचार रात्री येतोच. माझ्या आईनं जुन्या मऊ पातळाची एक लांब पिशवी शिवून दिली होती, तीन बाजूंनी टीप, एक बाजू उघडी. आत शिरायचं, वरून रजई. पाव किलोसुद्धा वजन नाही. सोलापुरी चादर घेऊन जाण्याचा मोह आवरा. मीही पहिल्या वेळी अभिमानानं नेली, धुक्यात ती ओली झाली आणि पुढचे चार दिवस मी एक ओली चादर डोंगरावरून फिरवत होतो.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र न्याच. भाकरी आठवडा काढते, चुरा झाला तरी गरम डाळीत टाकून खाता येतो. हटमध्ये डाळभात, अंडी, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) मिळतं, पण पोचल्याबरोबर सांगावं लागतं. सातला स्वयंपाकघर आवरतं. भातावर आमची शेंगा चटणी बघून कालीपोखरीच्या दिदींनी चिमूटभर मागून घेतली आणि बदल्यात छुर्पीचा, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या चीजचा, एक तुकडा दिला. दगडासारखा कडक, तासभर चघळत चढलो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला जबडा असून दुखायला लागला.

किरकोळ: मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टची मूळ प्रत जवळ ठेवा, वाट नेपाळच्या हद्दीतून आतबाहेर करते आणि चौक्यांवर विचारतात. रोख पैसे पुरेसे न्या, यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालणार नाही. पॉवर बँक रात्री पिशवीत अंगाजवळ, थंडीत बॅटरी उतरते. तोंगबा, म्हणजे बाजरीसारख्या धान्याची गरम दारू, गोरखेला उतरल्यावर. वर नको.

आज फालूटला एप्रिलची कुठली रात्र मोकळी आहे ते विचारा. तारीख कळली की सांगा, मागचे मुक्काम बसवून देतो. आणि मामांच्या डाव्या गुडघ्याचं जे लिहिलंय ते आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मग त्यांचा पलंग धरायचा की नाही ते ठरवू.