३० क्यूबिट आणि बाबांचा लॅपटॉप

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरलाच एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोडिंग आवडतं, पीएचडी करायचीय. मैत्रिणी म्हणतात क्वांटम कॉम्प्युटिंग घे, सगळा पैसा आता तिकडेच आहे. सर म्हणतात तो फुगा फुटेल, कॉम्प्युटेशनल फिजिक्स कर. बाबा म्हणतात दोन्ही सोड, सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्यांत नोकरी बघ. काय करू?
– एक वाचक, रामबाग

उत्तर : अगं, आधी एक गंमत करून बघ. घरच्या लॅपटॉपवर क्विस्किट टाक, क्वांटम कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे बिट, एकेक करून वाढवत जा. पूर्ण अवस्था मेमरीत ठेवायची तर दर क्यूबिटला जागा दुप्पट लागते, म्हणजे २० क्यूबिटला १६ एमबी, मशीनला कळत पण नाही, २८ ला ४ जीबी, २९ ला ८, आणि ३० ला १६ जीबी, तिथे बाबांचा लॅपटॉप हात टेकतो. ४० ला १६ टीबी! भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननी १९८१ मध्ये हेच दुखणं मांडलं होतं. आता मला सांग, हे जे तू केलंस ते क्वांटम की कॉम्प्युटेशनल? क्वांटमवाल्या कितीतरी ग्रुपमध्ये पोरं दिवसभर साध्याच कॉम्प्युटरच्या क्लस्टरवर जॉब लावून रांगेत बसलेली असतात, टेन्सर नेटवर्क (मोठी अवस्था कमी जागेत बसवायची युक्ती), नॉइजचं म्हणजे क्वांटम मशीनमधल्या गोंधळाचं सिम्युलेशन वगैरे. तेव्हा पाटी बघू नकोस, गाइड बघ. त्यांचे मागच्या तीन वर्षांतले पेपर वाच आणि त्यांच्याच विद्यार्थ्यांना गुपचूप विचार की डिग्रीला किती वर्षं लागली, कोड स्वतः लिहिता की नुसता चालवता.

पैशाचं म्हणशील तर नॅशनल क्वांटम मिशन २०२३ ला मंजूर झालं, ६,००३ कोटींचं, पण २०३०-३१ पर्यंतचंच, आणि पीएचडीला पाच-सहा वर्षं कुठेच नाही गेली, त्यामुळे तू बाहेर पडशील तेव्हा पुढे काय असेल त्यावर मी तरी पैज लावणार नाही. तुझ्या सरांचं तेवढं बरोबर आहे. कॉम्प्युटेशनल फिजिक्समधली डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचं गणित) मात्र जुनी आणि टिकलेली विद्या आहे, वॉल्टर कोनना त्यासाठी १९९८ चं नोबेल मिळालं, आणि आपल्या कॅटमध्ये (म्हणजे इंदूरचं राजा रामण्णा सेंटर, आरआरकॅट) इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, त्या प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर, मटेरियलची मोजमापं होतात त्यांचा अर्थ लावायला असली गणितं करणारी माणसं लागतातच.

बाबांना आधी आकडा सांग, नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मग ४२,०००, वर घरभाडं, अर्धं भांडण तिथेच मिटतं. दुसरं पण सांग, लपवू नकोस, नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या असतात, पक्की नोकरी लागेपर्यंत तेहेतीस-चौतीस वय सहज होतं. मी दोन पोस्टडॉक केले, दुसऱ्या गावी तर सूटकेस पूर्ण उघडलीच नाही. पण कोड लिहिता येत असेल तर मधेच सुपर कॉरिडॉरला वळता येतं, उलटं वळणं महाकठीण.

लिनियर अल्जेब्रा मात्र आत्ताच पक्कं कर, सुट्टीची वाट बघू नकोस. आणि ३० क्यूबिट लावण्याआधी बाबांची एक्सेल सेव्ह केलीय ना ते बघ.