प्रश्न तुमचे : बिनकराराच्या कुस्तीगीर बायका

मागच्या अंकात अमेरिकेतल्या 'इंडी' कुस्तीवर एक छोटं टिपण छापलं होतं. टीव्हीवरच्या बड्या कंपनीशी करार नाही, महिन्याचा पगार नाही; या शनिवारी एखाद्या क्लबच्या हॉलमध्ये, तर पुढच्या शनिवारी तीनशे मैलांवर दुसऱ्याच आयोजकाकडे, अशा फिरत्या फडांवर खेळणाऱ्या स्त्रियांविषयी. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : निकाल आधीच ठरलेला असतो म्हणता. मग ही नुरा कुस्तीच की! त्यात शिकायचं काय? (एक वाचक, सातारा)

निकाल ठरलेला असतो, त्यात लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला अंधारात ठेवतात. इथे तो सगळं माहीत असून तिकीट काढतो. जोड लावणाऱ्याला तिकडे 'बुकर' म्हणतात. तो खेळाआधी दोनच गोष्टी सांगतो : जिंकणार कोण आणि मिनिटं किती. नवख्या मुलींना सहा ते आठ मिनिटं मिळतात. मधलं सगळं दोघींनी जुळवायचं, तेही बरंचसं रिंगणातच, पकडीत डोकी जवळ आली की कुजबुजून. वेळ संपत आली की पंच हळूच 'आवरा' म्हणतो. आठाची बारा मिनिटं केली तर पुढच्या जोडीची वेळ खाल्ली जाते, आणि त्या आयोजकाकडून पुन्हा बोलावणं येत नाही.

पडणं मात्र खोटं खोटं करता येत नाही. रिंगण म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वरून ताणलेलं कॅनव्हास. प्रशिक्षणाचे पहिले काही आठवडे पाठीवर पडण्यातच जातात. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला चिकटवायची, नजर स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवायची आणि मागे झोकून द्यायचं. पाठीचा वरचा भाग टेकतो त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून साधारण ४५ अंशांवर आपटायचे आणि श्वास सोडायचा. धक्का मोठ्या जागेवर पसरतो, शिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं. घाबरून हात मागे टेकला की मनगट जातं, कोपर आधी लागलं तर कोपर. श्वास कोंडून धरला तर छातीत अशी कळ भरते की पुढचं अर्धं मिनिट काही सुचत नाही.

उचलून आपटणं दोघींचं मिळून काम असतं. जिला उचलायचं ती स्वतः उडी घेते आणि एक हात समोरचीच्या मांडीवर रोवून आपलं निम्मं वजन आपणच पेलते. उचलणारीचं काम तिला हवेत आडवी करून पाठीवर सपाट उतरवण्याचं. डोकं आधी लागू न देण्याची जबाबदारी पूर्णपणे तिची. उडी उशिरा पडली तर साठ किलोचं वजन मेलेल्या पोत्यासारखं कमरेवर येतं आणि पाठ धरते ती उचलणारीची.

दोरांचंही तसंच. काही रिंगणांत खरा जाड दोर असतो, काहींत रबरी नळीत घातलेली पोलादी तार, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. दोरावर आदळताना बगलेखालची बरगड्यांची बाजू लागते आणि एका हातानं वरचा दोर धरायचा असतो. पहिले पंधरा दिवस तिथे काळेनिळे पट्टे उठतात. हातानं दोर धरला नाही आणि तो सैल निघाला, तर माणूस सरळ बाहेरच्या फरशीवर.

प्रश्न : आमची मुलगी गादीवरची कुस्ती खेळते, ५७ किलो वजनगटात. या खेळात तालमीचा उपयोग होईल का? (एक पालक, कोल्हापूर)

दम, मान, कंबर आणि तोल या चार बाबतींत ती इतरांच्या कितीतरी पुढे असेल. पण काही सवयी मोडाव्या लागतील, आणि तेच अवघड जातं.

पहिली म्हणजे चितपट होण्याची धास्ती. खांदे जमिनीला लागता कामा नयेत हे वस्तादांनी लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं. पाठ जमिनीकडे जातेय म्हटल्यावर अंग आपोआप वळतं. इथे हवेत असं अर्धवट वळलं की खांद्यावर किंवा मानेवर उतरणं होतं. दुसरी सवय पकडीची. तालमीतली घट्ट पकड इथे 'स्टिफ' म्हणून बदनाम आहे. बघणाऱ्याला घट्ट दिसावी आणि धरलेलीला श्वास घेता यावा, एवढीच हवी. तिसरी गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटेल : अमेरिकेत डावा हात, डावी बाजू धरून खेळतात, मेक्सिकोत उजवी. तालमीत सापडेल तो हात धरायचा असतो. इथे चुकीची बाजू धरली की समोरची क्षणभर अडखळते, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी मुरगळतं.

भारतातून या वाटेनं गेलेलं ठळक नाव कविता दलाल, रिंगणातली कविता देवी. हरियाणातल्या जिंद जिल्ह्यातली, मुळात वेटलिफ्टर, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतलं सुवर्णपदक तिच्या नावावर. डब्ल्यूडब्ल्यूई या टीव्हीवरच्या बड्या कंपनीत खेळलेल्या ग्रेट खलीनं जालंधरमध्ये काढलेल्या शाळेत ती शिकली. तिथल्या एका लढतीत सलवार-कमीज घालून ती रिंगणात उतरली आणि ती चित्रफीत जगभर फिरली. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'मे यंग क्लासिक' स्पर्धेत तिची गाठ डकोटा कायशी पडली. पहिल्याच फेरीत हरली, पण त्याच वर्षी करार मिळाला.

एक सल्ला, न मागता. मुलीची खरी कुस्ती इतक्यात सोडवू नका. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली; म्हणजे त्या वाटेला आता कुठे रस्त्याचं रूप येतंय. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही मान्यताप्राप्त स्पर्धांवर मिळतं, या करमणुकीच्या कुस्तीवर नाही.

प्रश्न : करार नाही तर पैसे येतात कुठून? (अनेक वाचक)

रिंगणातून कमी, टेबलावरून जास्त. अगदी नवखीला कधी पेट्रोलचे पैसे, कधी २५ ते ५० डॉलर, कधी नुसतं जेवण. नाव झाल्यावर आकडा वाढतो, पण तो दर वेळी स्वतः बोलून ठरवायचा असतो. म्हणून प्रत्येकीबरोबर एक बॅग असते : टी-शर्ट, ८ बाय १० इंचांचे रंगीत फोटो, स्टिकर आणि सही करायला पेन. मध्यंतरात हॉलच्या कडेला टेबल मांडायचं.

समजा, बिदागी ७५ डॉलर. २५ डॉलरचे पाच टी-शर्ट गेले. छपाईचे आठ-आठ वजा करून ८५ उरले. दहा डॉलरचे सहा फोटो, छपाई जाऊन साधारण ५५. झाले २१५. गाडीत चौघी, त्यामुळे पेट्रोलचा वाटा २०, मोटेलचा २५, खाणं २०. हातात १५० डॉलर, आणि त्यासाठी शनिवार आणि रविवारची सकाळ गेली. बहुतेकजणी सोमवारी दुसऱ्या नोकरीवर हजर असतात, ते यामुळेच.

इथे नवख्यांची हटकून होणारी चूक म्हणजे टी-शर्टांची मापं. स्वतःच्या मापाचे, लहान-मध्यम जास्त छापून घेतात. गिऱ्हाईक बहुतांशी पुरुष, त्यामुळे एल, एक्सएल आणि डबल एक्सएल पहिल्या तासात संपतात आणि लहान मापांचा गठ्ठा वर्षभर डिकीत फिरतो. पाच-पाचच्या सुट्या नोटा घरूनच न्याव्यात.

कराचंही बघा. अमेरिकेत ही मंडळी स्वतंत्र व्यावसायिक धरली जातात. प्राप्तिकर वेगळाच, वर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर निव्वळ नफ्यावर भरावा लागतो. मैलांची नोंद, मोटेलची बिलं आणि बुटांची पावती जपून ठेवली तर तो नफा कागदावर बराच खाली येतो. गाडीत एक वही असावी. आठवणीवर मैल लिहू नयेत.

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला अशा शाळेत नाव घालायचंय. काय बघून घ्यावं? (एक वाचक भगिनी, ठाणे)

फी बहुधा काही हजार डॉलर असते आणि एकरकमी मागतात. पैसे भरण्याआधी एक सराव पूर्ण वेळ बसून बघायला मागावा. नाही म्हटलं तर दुसरी शाळा. बघताना पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवावं : शिकवणारा स्वतः कुठे, किती वर्षं खेळलाय, गटात किमान दोन-तीन मुली आहेत का, पडणं नीट येण्याआधीच उचलाउचली सुरू होते का. मग रिंगणावर चढून अनवाणी चालून बघावं. फळ्यांमधली फट किंवा हलणारी फळी पायाला कळते. मधला भाग थोडा लवचीक लागतो, दोरांबाहेरची कड सगळ्यात कठीण. कडेवर पडायला पहिल्याच महिन्यात शिकवत असतील तर तिथून निघावं.

दुसरी बाजू नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. जून २०२० मध्ये 'स्पीकिंग आउट' या नावाखाली ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक कुस्तीगीर स्त्रियांनी प्रशिक्षक, आयोजक आणि सहकाऱ्यांकडून झालेले छळ उघड केले. त्यानंतर ब्रिटनच्या खासदारांच्या एका गटानं २०२१ मध्ये या धंद्यावर अहवालच काढला. त्यामुळे कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे आधीच विचारावं. परगावच्या पहिल्या खेळाला एकट्या अनोळखी माणसाच्या गाडीतून जाऊ नये. असे प्रश्न विचारल्यावर जो आयोजक चिडतो, त्याच्याबद्दलचं उत्तर तिथेच मिळतं.

भाची तिथली नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल तर आणखी एक. पर्यटक व्हिसावर खेळाला उतरणं, अगदी 'फुकट खेळतेय' म्हणूनही, महागात पडतं. खेळाडूंसाठी पी-१ सारखे वेगळे व्हिसा आहेत आणि त्यासाठी नाव आधी झालेलं असावं लागतं.

सामानात गुडघ्याचे पॅड, तोंडात घालायचा रक्षक आणि लांब बाह्यांचा जुना टी-शर्ट पहिल्या दिवसापासून लागतो. लेस लावायचे उंच बूट सहा महिन्यांनी घेतले तरी चालतं. नखं कापलेली, कानातलं काढलेलं. जोडलेले खोटे केस खेळात ओढले गेले की खऱ्यांसकट निघतात.

प्रश्न : यातून कुणी वर पोहोचतं का? (एक विद्यार्थी, नागपूर)

पोहोचतं, पण वेळ बघा. अमेरिकेची मर्सिडीस मार्टिनेझ २००० मध्ये पहिली लढत खेळली. डब्ल्यूडब्ल्यूईचा करार मिळाला २०२० मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी कंपनीनं सोडलं, आणि २०२२ मध्ये तिनं रिंग ऑफ ऑनर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा महिला किताब घेतला. मधली वीस वर्षं याच छोट्या हॉलमध्ये गेली.

त्या वीस वर्षांत तिला धरून ठेवणारी एक जागा होती शिमर. डेव्ह प्रझॅकनं २००५ मध्ये शिकागोजवळच्या बर्विन गावात सुरू केलेला, फक्त स्त्रियांचा फड. त्या काळी बहुतेक कार्यक्रमांत बायकांची एकच जोड असायची, तीही लोक चहा-बिअरला उठतात त्या वेळेला. शिमरमध्ये सगळ्या लढती बायकांच्या. एका दिवसात दोन-दोन भाग चित्रित करून डीव्हीडी विकायचे, त्यामुळे हॉल लहान असला तरी भागायचं. २००७ मध्ये सारा डेल रे तिथली पहिली विजेती झाली. ती २०१२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत गेली ती खेळाडू म्हणून नाही, प्रशिक्षक म्हणून. आज टीव्हीवर दिसणाऱ्या बऱ्याच मुली तिच्या हाताखालून गेल्यात. आमच्या मते या धंद्यातली सगळ्यात शहाणी कारकीर्द तीच : गुडघे शाबूत असताना शिकवण्याकडे वळली.

अमेरिकेबाहेरचा मोठा टप्पा म्हणजे जपान. तिथल्या स्टारडमसारख्या कंपन्या परदेशी मुलींना काही आठवडे बोलावतात. मार जास्त, लढती जास्त आणि शिकणंही जास्त.

प्रश्न : डोक्याला मार लागला तर? (एक डॉक्टर वाचक, नाशिक)

पंच दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो. दुखापत खरी आहे, हे आत कळवायची ती खूण. लढत तिथेच थांबायला हवी. प्रत्यक्षात 'पुढच्या शनिवारचे पैसे बुडतील' म्हणून मुली लपवतात, कारण मालक नाही म्हणजे विमाही मालकाचा नाही. मळमळ, उजेड सहन न होणं, शब्द न सापडणं यांतलं एकही असेल तर डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत रिंगण बंद. पहिला मार पूर्ण बरा न होता दुसरा लागला तर जीवावर बेतू शकतं, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

प्रश्न : आपल्याकडे अशी फिरती कुस्तीगीर बाई कधी झाली का? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

झाली. हमीदा बानू. १९४० आणि ५० च्या दशकात गावोगाव फिरून पुरुष मल्लांनाही आव्हान द्यायची. १९५४ मध्ये मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तिनं मिनिटभराच्या आत लोळवलं, असं त्या वेळच्या बातम्या सांगतात. कोल्हापुरात पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड भिरकावले. आपल्या पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबरची तिची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्दच झाली. तिच्या लढतींवर बंदी आल्यावर तिनं तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं : बंदी बाई म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. साताऱ्याच्या वाचकांचा पहिला प्रश्न म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी सरकारदरबारी पोहोचलेला होता.