डोंगरावरच्या लग्नात ऐन वेळी पाऊस आला आणि वेळापत्रक कोलमडलं, तर फोटो कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की विधी उघड्यावर ठरलेत, अंदाज पावसाचा आहे आणि तुमच्याकडे दोन कॅमेरे, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरची दोन झूम भिंगं आणि दोन फ्लॅश आहेत. सामान भरपूर झालं. चणचण भासते ती वेळेची. पाहुण्यांना आत हलवण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तो फोटोंच्या वेळेतूनच कापला जातो. म्हणून वधूवरांना आधीच विचारून ठेवा, की वेळ निम्मा झाला तर कोणते फोटो हवेतच. गटफोटोंची यादी दहाच्या वर जाऊ देऊ नका, एका गटाला दोन मिनिटं धरा. नावाने हाका मारून माणसं गोळा करायला घरचाच कोणीतरी मागून घ्या, ते काम तुम्हाला जमणार नाही.

गटफोटोसाठी सगळे हॉलमधली सजवलेली भिंत दाखवतात. मी ओसरी, पोर्च, निदान मोठं दार तरी शोधतो. छताच्या कडेपासून साधारण एक-दीड मीटर आत, तोंडं बाहेर करून लोकांना उभं करा आणि तुम्ही स्वतः बाहेर छत्रीखाली थांबा. ढगाळ आकाशाचा मऊ उजेड समोरून चेहऱ्यांवर येतो. अगदी कडेला उभं केलंत तर तोच उजेड वरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात. फार आत नेलंत तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवत बसाल. डोक्यावरचे पिवळे दिवे मात्र बंद करायला सांगा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येईल, आणि तो नंतर संगणकावर सरळ करताना जीव जातो.

जोडप्यासाठी छत्री पारदर्शक किंवा पांढरीच हवी. लाल छत्रीखाली चेहरे लाल होतात आणि कपडे होत नाहीत, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंगसमतोल) हलवूनही ते जुळत नाही. काळी छत्री वरचा उजेडच खाते. छत्रीच्या कडेवरून ठिबकणाऱ्या थेंबांवर ऑटोफोकस हमखास अडकतो. डोळा ओळखणारा फोकस चुकायला लागला की एकच बिंदू निवडून चेहऱ्यावर ठेवा.

आता पाऊस दिसायला हवा असेल तर. थेंब समोरून उजळले की घाण दिसतात, मागून उजळले की चमकतात. कॅमेऱ्यावर लावलेला फ्लॅश सगळ्यात जास्त उजेड भिंगाजवळच्या थेंबांवर टाकतो आणि फोटोभर पांढरे गोळे येतात. धुक्यात तर नुसता पांढरा पडदा. म्हणून फ्लॅश जोडप्याच्या मागे दोन-तीन मीटरवर, त्यांच्या आड लपेल असा, खांद्याच्या उंचीला, तोंड कॅमेऱ्याकडे करून ठेवा. मागे गडद झाडी किंवा सांजावलेलं आकाश हवं, पांढऱ्या आभाळावर थेंब दिसतच नाहीत. सुरुवात शटर १/१६० सेकंद, भिंगाचं छिद्र एफ ४, आयएसओ ८०० आणि फ्लॅश १/८ ताकदीवर करा, मग पडद्यावर बघून कमी-जास्त करा. दुसरा फ्लॅश बाजूने, अगदी मंद. फ्लॅशवर पारदर्शक पिशवी चढवून पिशवीचं तोंड खाली बांधा, पण पूर्ण ताकदीवर लागोपाठ उडवू नका, आत उष्णता साठते. स्टँडवर फ्लॅशची छत्री लावू नका, डोंगरवारा ती स्टँडसकट पाडतो. स्टँडपेक्षा माणसाच्या हातात दिलेला बरा.

फ्लॅशशिवाय पावसाच्या रेघा हव्या असतील तर शटर १/६० ते १/१२५ सेकंद. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या.

कॅमेऱ्याच्या बाबतीत, वेदर सीलिंग (पाणी-धूळ आत शिरू न देणारी बंदिस्ती) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते भिंग आणि बॉडी दोन्हीला असेल तरच उपयोगी, आणि काही भिंगांना पुढे फिल्टर लावल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. ज्या झूमची नळी बाहेर येते (बहुतेक २४-७० तशाच असतात), ती आत घेताना नळीवरचं पाणीही आत जाऊ शकतं. आधी पुसा, मग फिरवा. जोराच्या पावसात त्यापेक्षा आतल्या आत झूम होणारं ७०-२०० बरं. दोन बॉडींवर दोन भिंगं चढवून ठेवा आणि बाहेर असेपर्यंत भिंग बदलूच नका. हूड (भिंगापुढचं झाकणीसारखं कडं) कायम लावलेला असू द्या. टचस्क्रीन बंद करा, कारण थेंब पडला की फोकसबिंदू आपोआप सरकतो. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर डोळा लावल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरवर थेंब बसला की मागचा पडदा काळा होतो. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक घाबरतात. बोटाने पुसा, झालं.

थंडीतून उबदार, दमट हॉलमध्ये शिरलात की भिंगावर वाफ धरते, आणि नेमकी तेव्हाच नवं जोडपं दारातून आत येत असतं. एक कॅमेरा आधीपासून आतच ठेवून द्या. दुसरा बंद पिशवीत घालून आत आणा आणि वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका.

वीज गेली आणि हॉल जनरेटरवर आला, तर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात, विशेषतः सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० वर या. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे १/१२० किंवा १/६०. जनरेटरची वारंवारता डळमळत असेल तर हेही पुरत नाही, मग छताकडे वळवलेल्या फ्लॅशवर भिस्त ठेवा.

डोंगरात रडारवर भरवसा कमी ठेवा, कड्यांमुळे त्याची नजर अडते. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा कडा दिसायला लागला की जोडप्याला दाराशी आणून उभं करा. उघडीप पाच-दहा मिनिटंच टिकते. मात्र वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला, तर स्टँड, छत्र्या सगळं सोडून आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. यात वधूपक्ष, वरपक्ष कोणाचाही आग्रह ऐकायचा नाही.