‘फ्लॉवर ऑफ लाइफ’च्या (एकमेकांत गुंतलेल्या सारख्या वर्तुळांच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या) आकृतीत पाय (π) आणि सुवर्ण गुणोत्तर खरंच दडलेलं असतं का?

पाय आहे, पण तो कुठल्याही वर्तुळात असतोच. सुवर्ण गुणोत्तर (१.६१८…) मात्र या आकृतीच्या छेदनबिंदूंमध्ये कुठेच सापडत नाही. तिचा स्वतःचा आकडा √३ आहे आणि त्याबद्दल इतकं कमी लिहिलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कर्कटक घ्या. एक वर्तुळ काढा, त्याच्याच परिघावर टोक ठेवून तेवढ्याच त्रिज्येचं दुसरं काढा. मधल्या बदामी आकाराची रुंदी त्रिज्येइतकी आणि उंची तिच्या √३ पट भरते. दोन केंद्रं आणि वरचा छेदनबिंदू जोडला की समभुज त्रिकोण होतो. युक्लिडच्या ग्रंथातलं पहिलंच विधान हे आहे. खाली तसाच दुसरा त्रिकोण, दोघांची उंची मिळून √३.

पुढे नव्या छेदनबिंदूंवर टोक ठेवून तशीच वर्तुळं वाढवत न्या. सगळे छेदनबिंदू समभुज त्रिकोणांच्या जाळीवरच पडतात. त्रिज्या १ धरली तर त्यांतल्या कुठल्याही दोन बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग पूर्णांकच येतो: १, ३, ४, ७, ९, १२… म्हणजे दोन अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग नेहमी परिमेय. सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग २.६१८…, त्यात √५ बसलेला, म्हणून तो अपरिमेय. दोन्ही जुळणं शक्यच नाही.

जास्तीच्या रेघा मारल्या तर गोष्ट वेगळी. वर्तुळात समभुज त्रिकोण काढा, दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडून ती रेघ एका बाजूला परिघापर्यंत वाढवा. मध्यबिंदूंमधलं अंतर भागिले बाहेरचा तुकडा, उत्तर बरोबर सुवर्ण गुणोत्तर! जॉर्ज ओडम यांची ही रचना १९८३ साली प्रसिद्ध झाली. इतकी सुंदर गोष्ट असताना खोटे दावे कशाला हवेत?

पायचं आणि या बदामी पाकळ्यांचं खरं नातं आर्किमिडीजकडे आहे. त्याने षटकोनापासून (वर्तुळातल्या सहा पाकळ्यांची टोकं जोडली की होतो तोच) सुरुवात केली, √३ साठी २६५/१५३ हा किंचित लहान अपूर्णांक वापरला आणि बाजूंची संख्या दुप्पट करत ९६ पर्यंत जाऊन पाय ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये पकडला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात १५३ मासे येतात, म्हणून काही जण हा आकडा त्या बदामी आकाराशी जोडतात. त्या आकारात ख्रिस्ताला बसवण्याची मध्ययुगीन परंपरा खरी आहे; पण योहानाच्या त्या मजकुरात वर्तुळाचा उल्लेखही नाही.

इजिप्तमधल्या अबिडोस इथल्या एका प्राचीन वास्तूच्या खांबांवरची या आकृतीची गेरूची चित्रं ‘दहा हजार वर्षांपूर्वीची’ म्हणून फिरतात, तेही मानू नका. ती वास्तूच पहिला सेटी या फॅरोच्या काळातली, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या सुमाराची, चित्रं त्यानंतरचीच. जुना आणि काळ ठाऊक असलेला नमुना बघायचाच असेल तर प्राचीन अ‍ॅसिरियातल्या निनवेच्या राजवाड्यातला असुरबनिपाल राजाच्या काळचा (इ.स.पू. सातवं शतक) दगडी उंबरठा बघा. तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.